एका 'ण'ची खाडाखोड

मी, हुकूमचंद मांगीलाल ओस्तवाल, वय सत्तेचाळीस, धंदा पाट्या रंगवणे, राहणार मौजे टाकळखेडी, शेलूबाजारजवळ, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र डाव्या हाताने लिहून ठेवतो. उजव्याची तीन बोटं फळीत बांधलेली आहेत. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शुद्धलेखनाबद्दल हेच म्हणता आलं असतं तर हा कागद लिहावा लागला नसता. माझ्यावर दाबदडपण आहे, पण ते न लिहिण्यासाठी. उद्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी पंचायतीच्या नव्या विहिरीवरच्या पाटीतलं एक अक्षर पुसायला जाणार आहे. तसं केल्यास मला त्याच विहिरीत घालण्याचं सरपंच जानराव यांनी चारचौघांत कबूल केलं आहे. माणूस शब्दाचा पक्का आहे.

कलम १. राहतं घर व घरातली सर्व चीजवस्तू पत्नी सूरजबाई हिला. गेले चौदा दिवस ती मला भरवते आणि घासागणिक विचारते, "अवो, माह्यं कुकू पुसून थे अक्षर पुसता काय?" उत्तरादाखल घर देतो.

कलम २. चूक कोणाची, ती इथे लिहून ठेवतो. नंतर कोणी वाटून घेऊ नये. पाटीवर 'ही विहीर सर्वांसाठी खुली आहे' असं लिहायचं होतं. ठरावात तसंच आहे. मी रंगवत होतो तेव्हा जानराव शेजारी खाट टाकून तासभर सवर्णांचा मान, सवर्णांचं पाणी, सवर्णांचं कसं होणार, हेच दळत बसले होते. कान ऐकत होते, हात लिहीत होता. हाताने 'सवर्णांसाठी' लिहिलं. मी, ज्याने गावातल्या प्रत्येक दुकानाचा ऱ्हस्व-दीर्घ चव्हाट्यावर काढला, तो आपलीच पाटी न वाचता घरी येऊन जेवलो.

अकराव्या दिवशी बौद्धपुऱ्यातली भागिरथा घागर घेऊन विहिरीवर गेली. विहीर सर्वांची, असं तिने ग्रामसभेत कानांनी ऐकलं होतं. जानरावांच्या थोरल्याने पाटीकडे बोट केलं आणि म्हणाला, "वाच." तिला वाचता येत नाही. मग त्याने बैलबंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून तिला वाचून दाखवलं. पहिल्या फटक्यात घागर फुटली, दुसऱ्यात कोपराखालचं हाड. वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला, असं पाहणारे सांगतात. पाहणारे पुष्कळ होते.

ती तशीच, लोंबता हात दुसऱ्या हातात धरून, माझ्या दारात आली. "शेठ, मले वाचता येत नाई. मार खाता येते. थे तुमीच लिवलं ना? मंग तुमीच पुसा."

मी दुसऱ्या दिवशी कुंचला घेऊन गेलो. जानरावांना म्हटलं, ठरावात 'सर्वांसाठी' आहे. ते म्हणाले, "पेंटर, ठराव कपाटात हाय, बोर्ड विहिरीवर हाय. लोक काय वाचतेत?" म्हटलं, माझी चूक आहे. "चूक कायची? देवानं तुह्या हातून लिवलं. आता देवाचं लिवलेलं तू पुसून राह्यला?" दोघांनी माझा हात विहिरीच्या कठड्यावर दाबला आणि थोरल्याने पहारीच्या बुडाने एकेक बोट ठेचलं. तिसऱ्याला मी ओरडायचा थांबलो, चौथ्याला त्याला कंटाळा आला.

पोलिसांच्या जबाबात लिहिलं गेलं, 'विहीरिवर पाय घसरून बोटे मोडली.' मी 'विहिरीवर' असं दुरुस्त केलं आणि त्या खोट्याखाली सही केली. मार विसरेन, ती सही विसरणार नाही.

कलम ३. शब्दकोश उकंडराव गुरुजींना. पाटी लागली त्याच संध्याकाळी त्यांनी चूक पाहिली होती. परवा दवाखान्यात स्वतःच सांगितलं, "पाह्यलं होतं, पन मनलं, लय मास्तरकी करते हा, जिरू द्या याची." मागे भर सभेत मी त्यांचा फळा पुसून 'स्वातंत्र्य' पुन्हा लिहिलं होतं, त्याची ही फेड. माझी जिरली, गुरुजी. हात मात्र भागिरथाचा मोडला. कोशात 'सर्व' हा शब्द आहे; खूण घालून ठेवली आहे.

कलम ४. कुंचले आणि काळ्या रंगाचा डबा. उद्या माझ्याच्याने काम पुरं झालं नाही तर पुढे जो कोणी जाईल त्याचे. काम सोपं आहे. रफार कान्यावर बसलेला आहे, त्याला हात लावू नये. नुसता ण काळा करावा, उरतं ते 'सर्वांसाठी'. मध्ये भगदाड दिसेल, ते भरू नये.

कलम ५. मी विहिरीत सापडलो तर पाय घसरला असं कोणी लिहू नये. मला उत्तम पोहता येतं.

कलम ६. भागिरथाला काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीला तीच हवी. तिला सांगितल्यावर म्हणाली, "तुमच्या घरचं कोनाले पाह्यजे? मले पानी पाह्यजे."

मौजे टाकळखेडी, रविवार, दिनांक १९ मे १९७४.

सही : हुकूमचंद मांगीलाल ओस्तवाल (डाव्या हाताने)

साक्षीदार
१. सेवादास राठोड, जीपवाला, शेलूबाजार. त्या दिवशी मला उचलून दवाखान्यात नेणारा हा एकटा. सही.
२. भागिरथा, राहणार सदर. डाव्या हाताचा अंगठा. उजवा अजून फळीत.

खाडाखोडीबाबत : या कागदात खाडाखोड एकच आहे. कलम २ मध्ये ठरावातलं वाक्य लिहिताना माझ्या हाताने पुन्हा ण काढला. वाचून दाखवताना ते लक्षात आलं. भागिरथाने विचारलं, "कोनता हाय थो?" मी बोट ठेवलं. तिने माझ्या हातून टाक घेतला आणि कागद फाटेस्तोवर तो ण खोडला. ही खोड मला मान्य आहे.