पिकअपचं झाकण

मु. पिपरटोला, ता. सावली
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. वांगी जोरात आहेत, हलका धान निसवला आहे, बाबा बरे आहेत. रश्मीवहिनीच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. पोरांना पापा.

झाली खुशाली. आता झाकणाचं बोलू.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो हो, कळलं" म्हणतोस आणि तुला काही म्हणता काही कळलेलं नसतं. तेवढ्यात फॅक्टरीत कोणीतरी मागून हाक मारतं आणि तू फोन ठेवतोस. कागद असा मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शेवटपर्यंत वाच.

तू ऑनलाइन मागवून पाठवलेलं झाकण मिळालं. काळं, चकचकीत, तीन घड्यांचं. पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यावर आडवं पसरायचं, कुलूप लावायचं, की डाला पेटीसारखा बंद. सोबतच्या कागदावर ज्या गाडीचं चित्र आहे, तसली गाडी आपल्या तालुक्यात कोणाकडे नाही. चित्रातल्या माणसाने डाल्यात एक सायकल आणि एक कुत्रा ठेवला आहे. मी वांगी नेते, दादा. वांग्यांचे क्रेट एकावर एक चढवावे लागतात, आणि वरचे क्रेट डाल्याच्या कडेच्या पार वर जातात. तुझं झाकण कडेला टेकतं. म्हणजे ते लावायचं तर निम्मा माल घरी ठेवायचा आणि डिझेल मात्र पूर्ण जाळायचं. हे माप घेताना तुला एक फोन करता आला नाही?

गाव तर झाकण बघायला जत्रेसारखं लोटलं. लटारूकाका म्हणाले, "बाई, याच्यात काय सोनं नेतं का?" सावलीचा झाडू वेल्डर, ज्याच्याकडे मी ते बसवायला नेलं, तो गाडीभोवती फिरफिर फिरला आणि म्हणाला, "ताई, हे दुसऱ्याच गाडीचं टोपलं हाय. मी बसवून देतो, पन मले शिव्या नको देजो." त्याने कापलं, ठोकलं, क्लिपा लावल्या, बसवलं. शिव्या मी त्याला दिल्या नाहीत. त्या तुझ्यासाठी राखून ठेवल्या.

आता तुझी बाजूही मांडते, नाहीतर म्हणशील हर्षा ऐकूनच घेत नाही. पावसाने माल भिजतो, खरं आहे. सांभाराची हिरवी जुडी वाऱ्याने सुकते, हेही खरं. चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली की माकडं टमाटे पळवतात. ताडपत्री आहे, पण ती बांधायला दोघं लागतात, आणि दोरीचं दुसरं टोक कुलदीपच्या हातात दिलं की गाठ सुटलीच समज. माझा नवरा वांगी देवासारखी पिकवतो. गाठ मारणं आणि बाजारात भाव करणं ही दोन कामं त्याला जमत नाहीत. म्हणून तर गाडी मी चालवते. तेव्हा डाल्यावर काहीतरी छप्पर हवं, हे मीही मानते.

पण दादा, तू हे झाकण वांग्यांसाठी पाठवलंस का?

तुझ्या सेक्शनमधल्या कोणीतरी गडचिरोलीच्या रस्त्यावर फोटो काढला आणि तुमच्या ग्रुपवर टाकला, हे मला वहिनीकडून कळलं. खाकी शर्ट घातलेला म्हातारा, गळ्यात चामडी पिशवी, पिकअपच्या डाल्यात वांग्यांमध्ये उभा. खाली कोणीतरी हसण्याची चित्रं टाकली. तू तो फोटो बघितलास आणि चार दिवसांत झाकण रवाना केलंस. डाला बंद झाला की म्हातारा आपोआप केबिनमध्ये येईल, कोणाला दिसणार नाही, हो ना?

फोटो बघून तू यायला हवं होतंस. झाकण कशाला पाठवलंस?

मी वर लिहिलं की बाबा बरे आहेत. दर फोनला तेच सांगते. जेवण नीट आहे, झोप नीट आहे, या अर्थाने ते बरेच आहेत. तुझ्या क्वार्टरमध्ये राहिले तेव्हा रोज पहाटे पिशवी अडकवून कॉलनीच्या फाटकाशी जायचे आणि तिथला पहारेकरी त्यांना हाताला धरून परत आणायचा. तुला लाज वाटली, वहिनीला धास्ती वाटली, आणि "गावाकडे रमतील" म्हणून तू त्यांना माझ्याकडे सोडलंस. रमले ते. कसे रमले ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते.

पहिल्या दिवशी मी बाजाराला निघाले तर हे आधीच डाल्यात चढून उभे. आईने धुवून ठेवलेला तो जुना युनिफॉर्म घालून. मी म्हटलं, "बाबा, उतरा." तर केबिनच्या टपावर दोन थापा मारल्या. धप धप. तुला आठवत असेल, एक घंटी थांबायची, दोन निघायची. जन्म कंडक्टरकीत गेला, त्या माणसाला खाली उतरवायचं कसं? मी गाडी काढली.

तेव्हापासून आमची एसटी चालू आहे. कुलदीपने केबिनमागे धरायला दांडा लावला, बसायला बाकडं ठोकलं, कमरेला पट्टा केला. पट्टा बांधताना बाबा कुरकुरतात, बाकड्यावर बसतात क्वचितच. मी बैलगाडीसुद्धा पुढे निघून जाईल इतक्या हळू चालवते. मागून हॉर्न, शिव्या, सगळं खाते. आणि प्रत्येक जुन्या थांब्यावर टपावर थाप पडते. धप. थांबायचं. कालव्याचा थांबा, गिरणीचा थांबा, आता जिथे पाटीसुद्धा उरली नाही ते थांबे. कोणी नसतं. बाबा खाली वाकून बघतात, क्रेटांना म्हणतात, "सरका, सरका, पुढं जागा हाय," आणि मग धप धप. बाजारात पोचते तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या असतात. किती वेळा स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं, तुला काय सांगू!

एकदा पुलाच्या अलीकडे पोलिसाने अडवलं. "मालगाडीत मानूस उभा केला काऊन?" मी कागद शोधत होते, तेवढ्यात बाबा वरून म्हणाले, "साहेब, परवासाचं वारंट हाय ना? मंग चढा. पोलिसाले टिकिट नाई लागत." पोलिसाने पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाला, "बाई, माह्या आजाचं असंच होतं. हळू न्या." त्या दिवशी मी पुलावर गाडी बाजूला घेऊन रडले. हसूही येत होतं.

गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, दिवसेंदिवस वाढतच जाणार. हे मी तुला "वयोमान" म्हणून सांगत आले. तू काळजीने खंगशील म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. तू त्यांना परत नेशील आणि दाराला कडी लावशील, म्हणून.

आता तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचं.

तुझा मान ठेवून मी झाकण लावून बाजाराला गेले. निम्मी वांगी आत, वरून कुलूप. बाबांना म्हटलं, "आज इथी बसा, माह्या बाजूले." ते म्हणाले, "हे काय कंडक्टरची जागा हाय? मी इथी बसन तं पॅसिंजर कोन पाहीन?" कसंबसं बसवलं, पट्टा लावला. वाटभर मान वळवून मागच्या काचेतून त्या काळ्या पत्र्याकडे बघत होते. ऊन तापलं होतं. बंद डाल्यात वांग्यांची भाजी व्हायला लागली असणार, याच विचाराने मी गाडी दामटत होते. शाळेचा थांबा आला. चिंचेखालचा, तुझ्या शाळेचा. बाबांनी समोरच्या डॅशबोर्डवर हात मारला. धप. मी थांबले नाही. उशीर झाला होता, दादा, आणि रोज रोज किती थांबायचं माणसाने?

त्यांनी पट्टा काढला आणि चालत्या गाडीचं दार उघडलं.

मी ब्रेक दाबला तेव्हा त्यांचा एक पाय बाहेर होता. रस्त्याकडेच्या मातीत पडले. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी काय म्हटलं? बाबा बरे आहेत. वांगी उकडली होती, ती म्हशीला घातली.

मातीत बसल्या बसल्या ते माझ्यावर चिडले. मला ते पोचू म्हणतात. पोचू त्यांचा जुना ड्रायव्हर. मुलगी आहे हे त्यांना आता आठवत नाही. हे लिहायला मला एवढी पानं लागली बघ. मी ताट वाढते तेव्हाही म्हणतात, "पोचू, तू जेवला का?" आधी मी सांगायची, बाबा, मी हर्षा. मग ते इतके कावरेबावरे व्हायचे की मी सोडून दिलं. आता "जेवलो" म्हणते.

तर म्हणाले, "पोचू, गाडी काऊन नाई थांबवली? पोरगा मांगं राह्यला ना माहा."

मी विचारलं, "कोनता पोरगा?"

"अश्वजित. शाळा सुटली त्याची. पास घरी विसरला असन, म्हनून झाडामांगं लपून राह्यला. मी रागावत नाई त्याले. त्याले सांग, मी रागावत नाई."

माझं नाव गेलं. आई वारली हे कधी आठवतं, कधी नाही. तुझं राहिलं आहे. मला आधी तुझा राग आला. अजूनही आहे थोडा, कशाला लपवू! डाळ मी रांधते, लघवीचे कपडे मी धुते, आणि वाट तुझी बघतात.

तर झाकणाचा निकाल असा. ते मी काढलं. कुलदीपने त्यावर मिरच्या वाळत घातल्या आहेत. ऊन पडलं की काळ्या पत्र्यावर मिरची सुरेख वाळते, तेव्हा तुझी वस्तू अगदीच वाया गेली असं समजू नकोस. झाडूकडे उंच कमानींचा हूड करायला टाकला आहे, शनिवारपर्यंत पुरा होईल. वरून ताडपत्री, बाजू गुंडाळून वर बांधता येतील अशा, माणूस आत ताठ उभा राहील एवढी उंची. बाकडं त्याने पक्कं जोडलं आहे, आणि मागे आडवी फळी. छताखालून एक दोरी केबिनमध्ये येते आणि तिला माझ्या कानाशी घंटी. आपल्या जुन्या लाल गाड्यांत असायची तशी. दोरी बाबांनी ओढून बघितली आणि झाडूला म्हणाले, "डेपोनं पयल्यांदा कामाची गाडी देली." छप्पर हवं होतं तर हे छप्पर. माल भिजणार नाही आणि बाबांनाही ऊन लागणार नाही. ज्याला फोटो काढायचा त्याने काढावा.

एक गोष्ट राहिली. ती लिहायचं टाळत होते.

आता बाजारात मी वेळेवर पोचते. चांगली जागा मिळते. कुलदीप खूश आहे. कारण कालव्याचा थांबा बाबा विसरले. मग गिरणीचा विसरले. एकेक थांबा येतो, मी सवयीने गाडी हळू करते, कान वर टपाकडे लावते आणि थाप पडत नाही. ज्या थापेने मी वैतागायची, तिची वाट बघत आता उगाच थांबते, मागचे लोक हॉर्न वाजवतात. शाळेचा थांबा तेवढा उरला आहे. तिथे अजून थाप पडते. किती दिवस पडेल, मला माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही.

भद्रावतीहून पहिली एसटी पकड. येत्या रविवारी, बाजाराच्या वेळी, चिंचेखाली येऊन उभा राहा. गाडीत साहेबासारखा बसून येऊ नकोस, घरी येऊन वाट बघू नकोस, आणि वहिनीला आधी पाठवू नकोस. थांब्यावरच उभा राहा. हूडाची पिकअप दिसली की हात दाखव. मी थांबतेच आहे, पण तू हात दाखव, त्यांना दिसलं पाहिजे. वर चढ आणि दांडा धर. ते तुला ओळखतील की पास विचारतील, मी सांगू शकत नाही. विचारलाच तर घरी विसरला म्हण.

ते रागावणार नाहीत. तसा निरोप आहे त्यांचा तुला.

रविवारी गाडी घेऊन निघणारी,
तुझी हर्षा
(गाडीवर, पोचू)