बाबांच्या गाडीतला आरसा

अंकादिफुत्सी, अंतानानारिवो
रविवार, ९ जुलै २०२३

प्रिय रिवो,

कसा आहेस? लिवा आणि मुलं बरी आहेत ना? तुमच्या तुआमासिनाला समुद्राचा उबारा असेल. इकडे आपलं ताना शहर थंडीनं कुडकुडतंय. काय नवीन विचारशील, तर काही नाही. आपल्याकडे आधी 'काही नाही' म्हणायचं आणि मग तासभर सांगत बसायचं, तेव्हा बस आता ऐकत.

बाबा अठ्ठ्याऐंशीचे झाले. गुडघे संपावर आहेत, जीभ मात्र कामावर. जेवणानंतर करपलेल्या भाताचं गरम पाणी पेलाभर लागतंच, आणि ते पुरेसं करपलेलं नाही म्हणून रोज माझा उद्धार होतो.

खरी बातमी गाडीची आहे. आपली रेनॉ पुन्हा चालू झाली! नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडली होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. येत्या बारा ऑगस्टला आपल्या भागातल्या टॅक्सीवाल्यांची संघटना जुन्या गाड्यांची मिरवणूक काढते आहे. हयात असलेल्यांत सगळ्यात जुना चालक म्हणून बाबांची गाडी पुढे असणार. हे कळलं त्या दिवशी बाबांनी दाढी दोनदा केली.

इंजिन, ब्रेक, पत्रा हे सगळं कोपऱ्यावरच्या फिदी मेस्त्रीनं केलं. तो आतल्या आरशापाशी आला आणि म्हणाला, "बाकुलीबाई, हा टाका भंगारात. बाजारात नवा मिळतो, चिकटवला की झालं."

मी म्हटलं, "फिदी, चौतीस वर्षं आरसे करून मी लोकांना तोंडं दाखवतेय. माझ्या बापाच्या गाडीत बाजारचा आरसा लावलास तर तुझं तोंड मी कुणाला दाखवू देणार नाही."

तो हसला. पण आरसा काढून माझ्या हातात दिला.

स्वतःच्या तोंडानं सांगू नये म्हणतात, पण दुसरं कोण सांगणार? माझा रादो होता तेव्हा तो सांगायचा. आरशाचा पारा उडाला होता, काठांनी काळे डाग पडून मधे फक्त पत्त्याच्या पानाएवढी जागा उरली होती. पत्र्याच्या चौकटीची कड मी केसभर केसभर उचकटली. एक दिवस त्यातच गेला, कारण ती कड एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. मग काच कोमट पाण्यात ठेवून मागचा रंग सोडवला, उरलेला पारा आम्लानं उतरवला. नुसती काच हातात राहिली. पलीकडे माझाच अंगठा दिसत होता.

पहिल्यांदा चांदी चढवली ती डागाळली. दुसऱ्यांदा एका कोपऱ्यात सोलून आली. फिदी दारातून म्हणाला, "अजून आहे बरं का बाजारात." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा काच पुन्हा पुन्हा धुतली, चांदीचं पाणी ओतलं, वर साखरेचं. काच आधी तपकिरी झाली, मग काळपट, आणि मग एकदम लख्ख. रिवो, मी साठीची बाई, पण दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या! डाग नाही, लाट नाही. या शहरात असं काम करणारा दुसरा हात दाखव, मी दुकान बंद करते.

मग राहिला सांधा. आरशाच्या दांड्याच्या टोकाला जी गोळी असते ना, ती झिजून सैल झाली होती. म्हणून तर बाबा त्यात काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवायचे. तुला आठवत असेलच.

इथे येऊन माझं पत्र तीन दिवस अडलं होतं. गोळीला चामड्याची चकती कापून बसवली, स्प्रिंग बदलली, सांधा घट्ट झाला. ते काम दुपारभरात उरकलं. लिहिणं उरकेना.

माझ्या मागणीच्या दिवशी, त्र्याण्णव साली, रादोच्या घरचे यायच्या आधी मी अंगणात गाडीत जाऊन बसले होते. घरात उजेड नव्हता आणि मला ओठ रंगवायचे होते. आरसा माझ्याकडे वळवला तेव्हा ती पुठ्ठ्याची घडी निसटून सीटखाली पडली. मी पडताना पाहिली. तेवढ्यात आईनं हाक मारली, पाहुणे आले म्हणून. मी तशीच पळाले. काचेवर माझ्या अंगठ्याची लाली राहिली.

नंतर फारा आत्याला आणायला बाबांनी तुला पाठवलं. तू एकोणीस वर्षांचा. परत येताना पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलंस, जसं सगळेच करतात, जसं बाबांनीच शिकवलं होतं. मधेच आरसा लोंबकळला, तू सावरायला हात वर केलास आणि गाडी आपल्या घराखालच्या भिंतीवर गेली. आत्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं.

सगळे धावत खाली आले. बाबांच्या मागोमाग मी होते. तू तुझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीनं आरसा पुसत होतास. माझ्याकडे बघितलंस. माझ्या ओठांकडे बघितलंस. आणि पुसतच राहिलास.

बाबांनी बाही धरली. "ही लाली कुणाची? पोरी फिरवायला दिली होती का तुला गाडी?"

दोन्हीकडची माणसं उभी होती, रादोचे काकासुद्धा. तू खाली मान घातलीस. धाकट्यानं थोरल्याकडे बोट दाखवायचं नसतं, आणि थोरलीची मागणी चालू असताना तर नाहीच. बाबा म्हणाले, "आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही." तू पुढच्या आठवड्यात तुआमासिनाला निघून गेलास.

मी का बोलले नाही? त्या दिवशी मागणी मोडेल म्हणून. मग लग्न होऊ दे म्हणून. मग मूल. मग इतकी वर्षं झाली की आता काय सांगायचं म्हणून. घरात तुझा विषय निघाला की बाबा "पोरींच्या नादानं गेला" म्हणायचे आणि मी भात वाढत राहायची. थोरलेपणाची मला फार हौस, रिवो. कोंबडीचा मानाचा तुकडा तू माझ्याकडे सरकवायचास, तो मी खाल्ला. तुझा मानही खाल्ला. मला लाज वाटते. तीस वर्षं रोज वाटली असं खोटं सांगत नाही, अधूनमधून विसरलेसुद्धा. पण या आठवड्यात तो आरसा लख्ख झाला आणि मला त्यात बघवेना.

गुरुवारी बाबांना गाडीत बसवलं. ते चालकाच्या जागी बसले, आरसा हलवून पाहिला, म्हणाले, "शाबास पोरी. नवा होता तेव्हाही असा नव्हता." एरवी या शब्दांवर मी वर्षभर जगले असते. मी दार धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी आरशावरचा हात काढला. मग विचारलं, "त्यानं पुसलं? तुझ्यासाठी?"

"हो."

"आणि मी चारचौघांत..." मग डोळे पुसून म्हणाले, "माझ्या पोटी असा पोरगा जन्मला आणि मला माहीतच नाही. काय छाती म्हणायची त्याची!" मग माझ्यावर ओरडले, खूप ओरडले, फिदी काम सोडून बघायला आला. मी ऐकून घेतलं. ते माझंच होतं.

नंतर माझा हात धरून उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबा, ज्यांनी जन्मात स्वतःच्या गाडीत मागे बसून पाहिलं नाही! फिदी म्हणाला, "आजोबा, मिरवणुकीत गाडी मीच चालवणार ना?"

"तू पायी चाल," बाबा म्हणाले. "चालवणारा तुआमासिनाहून येईल. नाही आला तर गाडी अंगणातच उभी राहील. बाकुली, आरसा रिवोच्या नजरेला लावून ठेव."

मी पुढे बसून आरसा हातात धरला आणि तशीच राहिले. तुझी नजर आता कुठवर येते, मला ठाऊक नाही. एकोणीसचा होतास तेव्हा तू अजून वाढत होतास.

थोरली म्हणून नाही, चुकलेली म्हणून पाया पडते. आरसा लावलाय, सांधा घट्ट आहे, फक्त वळवायचा राहिलाय. बारा तारखेच्या आत येऊन तूच वळव.

तुझीच,
बाकुली