ताईची दुसरी कवळी

४ जानेवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद. सहासष्ट वर्षांच्या भावाला 'चि.' लिहायचं म्हणजे हात अडखळतो, पण तुझे प्रताप ऐकून वाटतं की तेच बरोबर आहे.

सोबतच्या डबीत माझी वरची कवळी आहे. धुताना हातातून सटकली, बेसिनवर आपटली आणि तिला तडा गेला. इथला दातांचा डॉक्टर नवीनच करा म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझ्या भावाची हयात कवळ्या करण्यात गेली आहे आणि ही त्यानेच केलेली आहे, तेव्हा तोच बघेल. लवकर बघ. कवळीशिवाय माझं बोलणं माझं मलाच कळत नाही, म्हणून फोन बंद. पत्रच लिहीत जा.

बागेतल्या घसरगुंडीवरून घसरताना तुझी पँट फाटल्याचं तुझ्या भाच्याने हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. हाड मोडलं असतं तर एकट्याला पाणी तरी कोणी दिलं असतं?

आता मुख्य बातमी. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी माझ्या फ्लॅटवर परत जाणार आहे. भांडण वगैरे काही नाही. मुलगा जपतो, सूनही चांगली आहे. कारण आहे टिकली. वर्ष झालं मला इथे येऊन, पण ही सहा वर्षांची पोर अजून माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. परवा जेवणाच्या टेबलाखाली चादर सोडून तिने घर केलं होतं आणि आत एकटीच कोणाशी तरी गप्पा मारत होती. मी खोलीत पाऊल टाकलं, तशी बाहेर आली, चादरीची घडी घातली आणि पुस्तक उघडून ताठ बसली. माझ्या शाळेत साहेब तपासणीला आल्यावर माझ्या हाताखालचे शिक्षक बसायचे, अगदी तशी. बाळ्या, मला फार लागलं ते. नातीला आपली भीती वाटत असेल तर त्या घरात राहून काय करायचं?

त्यात तिचे वरचे पुढचे दोन दात पडले आहेत. वर्गातली कोणी मुलगी तिला बोळकी म्हणाली, तेव्हापासून ही तोंडावर हात धरूनच बोलते. हसणं तर बंदच. दात येईपर्यंत तोंड मिटून ठेव, असा सल्ला मी तिला दिला. तो तिने तंतोतंत पाळला आहे.

तब्येतीला जप आणि पुन्हा घसरू नकोस.
तुझी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी निम्मीच अंगं वाकतात, उरलेली मनाने वाकवली आहेत असं समज.

कवळी पोचली. तडा सरळ आहे, जोडता येईल. मागच्या खोलीतलं टेबल मी अजून मोडलेलं नाही. मेण, प्लास्टर, घासायची मोटर, सगळं जागच्या जागी आहे. निवृत्त झालो तो नोकरीतून, टेबलावरून नाही.

घसरगुंडीबद्दल. मी घसरलो कारण मला घसरावंसं वाटलं, दुसरं काहीही कारण नाही. सकाळची वेळ होती, बागेत कोणी नव्हतं, घसरगुंडी रिकामी होती. खाली पोचलो तेव्हा पोटात तोच जुना गोळा आला. घरी येऊन पँट शिवली आणि दिवसभर उगाच खुशीत होतो. तू रागावणार हे माहीत होतं, म्हणून तर भाच्याला सांगितलं. थेट तुला सांगायची छाती नव्हती.

तुझी मुख्य बातमी वाचून मात्र घास गोड लागला नाही. ताई, पोर तुला घाबरते कारण तू खोलीत शिरतेस तीच मुळी हजेरी घ्यायला. कधीतरी चादरीच्या आत जाऊन बघ. तिच्याशी खेळ. आणि तो तोंड मिटून ठेवायचा सल्ला मागे घे. दात पडलेल्या तोंडाला हसूच शोभून दिसतं, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

राग धुऊन टाकावा, माया तेवढी शिल्लक ठेवावी.
तुझा,
बाळ्या


१८ जानेवारी

चि. बाळ्यास,
आशीर्वाद. तुझा सल्ला ऐकला आणि तोंडावर पडले.

सापशिडी आणली. टिकलीला बोलावलं, ती आली. बोलावल्यावर ती येतेच, तसं वळण चांगलं आहे. फासा टाकल्यावर ती एक घर जास्त पुढे गेली, ते मी दाखवून दिलं. सापाच्या तोंडातून तिने सोंगटी हळूच बाजूला सरकवली, तेही मी दाखवून दिलं. नियम म्हणजे नियम, असं बहुतेक म्हटलंही असेन. खेळ संपला, मी जिंकले. पोरीने सोंगट्या डबीत भरल्या आणि आता जाऊ का म्हणून तोंडावर हात धरून विचारलं. मी जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रात्रभर त्याच विचारात होते. मला खेळायला येतच नाही रे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी टिकलीपेक्षा थोडीच मोठी होते. तुला आंघोळ घालायची, भरवायचं, तू रडलास की काखोटीला मारून दारात उभं राहायचं. बाकीच्या पोरी अंगणात खेळायच्या आणि मी तुझं नाक पुसत त्यांच्याकडे बघायचे. पुढे शाळेत शिक्षिका झाले, मग मुख्याध्यापिका. आपल्या प्रत्येकाच्या आत एक लहान मूल असतं, असं तू येता जाता सांगतोस. तुझ्यात असेल. माझ्यात ते कधी राहायलाच आलं नाही. मी तक्रार करत नाही, फक्त कळवते आहे.

तेव्हा ठरलं ते ठरलं. मुलाने फ्लॅटच्या रंगासाठी रंगाऱ्याला सांगितलं आहे. टिकलीला अजून कोणी काही बोललेलं नाही. सून म्हणते की आजीनेच सांगावं.

कवळी पाठव. चहात बुडवलेल्या टोस्टवर किती दिवस काढू?
तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार, आणि या पत्रानंतर जे ऐकावं लागेल त्याची आगाऊ माफी.

पार्सलमध्ये दोन डब्या आहेत. निळ्या डबीत तुझी कवळी आहे. जोड कुठे आहे ते जिभेला एक-दोन दिवस कळेल, मग विसरून जाशील. पांढऱ्या डबीतली मी अशीच केली आहे. कवळी जोडण्यासाठी तिचा प्लास्टरचा साचा घ्यावाच लागतो. साचा हातात होता, वेळ हाताशी होता. दुसरी कवळी तुझ्याच मापाची आहे. फक्त तिला वरचे पुढचे दोन दात बसवलेले नाहीत. टिकलीचे आहेत तशी. चांगली घासूनपुसून केली आहे, मोकळी जागाही गुळगुळीत आहे, हिरडीला टोचणार नाही. जन्मभर मी लोकांच्या तोंडातल्या फटी बुजवल्या. मुद्दाम ठेवलेली ही पहिलीच.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यात ते मूल राहायलाच आलं नाही हे मला पटत नाही. तू मला घोडा घोडा करून पाठीवर फिरवायचीस, मग घोडा कोण झालं होतं? ते खेळणं नव्हतं तर काय होतं? तुझ्या वाट्याचा खेळ तू मला दिलास, ताई. मी तो अजून पुरवून पुरवून खातो आहे. त्यातला थोडा परत घे, एवढंच म्हणणं आहे.

घालायची तर घाल, नाहीतर फेकून दे. पण दोन्ही पाण्यात ठेव. कवळी कोरडी पडली की वाकडी होते.

शिव्या भरपूर द्याव्या, पण पत्रातूनच द्याव्या.
तुझा,
बाळ्या


२८ जानेवारी

बाळ्या,
आशीर्वाद आज नाहीत.

पांढरी डबी मी मुलासुनेसमोर उघडली. मुलगा हसता हसता खोकायला लागला. सून तोंड लपवून आत गेली. सत्तरी उलटलेल्या बाईची अशी थट्टा करतात का? जिला हसवायला केलीस ती टिकली त्या वेळी शाळेत होती, हे एक नशीबच. हा आचरटपणा मी पुढच्या आठवड्यात कुरिअरने परत पाठवणार आहे. वाकडी होते म्हणालास म्हणून तोवर माझ्या कवळीच्याच वाडग्यात ठेवली आहे.

दुरुस्ती चांगली झाली आहे, हे मात्र कबूल करायला हवं.
ताई


४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
आशीर्वाद परत चालू केले आहेत. कारण वाच.

रविवारी सुनेच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई चहाला यायच्या होत्या. सूनबाई सकाळपासून हवालदिल. मी दुपारी पडले होते, तेवढ्यात बेल वाजली आणि दार उघडायला कोणी जाईना. चष्मा न लावताच वाडग्यात हात घातला, हाताला लागली ती कवळी बसवली आणि दाराकडे गेले. तोंडात जरा वेगळं वाटलं, पण तूच लिहिलं होतंस की जोड जिभेला कळेल. मी म्हटलं हाच तो जोड.

दार उघडलं आणि पाहुण्यांचं मोठ्या तोंडाने हसून स्वागत केलं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बसा म्हणायला गेले तर शिट्टीच वाजली. मागे वळून पाहिलं तर सून भिंतीला टेकून उभी. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पण तिच्यामागे टिकली उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तोंडावरचा हात खाली आला आणि ती जी हसायला लागली, ती जमिनीवरच बसली. दोन दात नाहीत आणि त्यातून ते हसू सांडतंय. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी काय करू? मीही हसले, शिट्टीसकट. पाहुण्या बाईही शेवटी हसल्या. त्यांनी चहा दोनदा घेतला, म्हणजे सुनेची नोकरी शाबूत आहे.

त्या रात्री टिकली आपण होऊन माझ्या खोलीत आली. कवळी काढ, घाल, पुन्हा काढ, असं करायला लावलं. शिट्टी कशी काढायची ते तिला मी शिकवलं, थुंकी न उडवता कशी काढायची ते तिने मला शिकवलं. बाळ्या, मला इतकं बरं वाटलं की झोपच येईना.

पण यावरून भलतीसलती स्वप्नं बघू नकोस. पोर आज हसली, उद्या विसरेल. रंगारी कामाला लागला आहे आणि माझं जायचं ठरलेलंच आहे. कवळी इतक्यात परत पाठवत नाही, एवढंच.
तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. पत्र वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. तिलाही वाचून दाखवलं. रागावू नकोस.

तुला राहा म्हणून सांगायचा मला अधिकार नाही. फक्त माझं सांगतो. मी घसरगुंडीच्या गोष्टी लिहितो, त्यामुळे तुला वाटतं की बाळ्याचं एकट्याचं झकास चाललं आहे. सकाळ झकास जाते. संध्याकाळी दिवा लावून टेबलाशी बसतो आणि कोणाची म्हणून कवळी करावी ते सुचत नाही. खेळायला कोणीतरी समोर लागतं, ताई. एकट्याने खेळून खेळून मी जरा दमलो आहे. तुझ्याकडे समोर कोणीतरी आहे. ते सोडून तू एकटेपणाला रंग लावून घेते आहेस, हे मला पटत नाही. बोललो, संपलं.

मोठेपणा बाजूला ठेवून धाकट्याचं ऐकावं.
तुझा,
बाळ्या


२२ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी हात अडखळला नाही.

हल्ली आमच्याकडे रोज संध्याकाळी शाळा भरते. टिकली मुख्याध्यापिका आणि मी पहिलीतली विद्यार्थिनी. मी बुटक्या स्टुलावर बसते. मुख्याध्यापिका हात मागे बांधून येरझाऱ्या घालतात, माझ्या चष्म्यावरून बघतात आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात. ही लकब कोणाची ते ओळखायला मला वेळ लागला नाही. मी गृहपाठ विसरते, शेजारच्या उशीशी बोलते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते. इतकी वर्षं शाळेत काढली, पण त्या स्टुलावरून शाळा किती उंच दिसते ते मला माहीत नव्हतं. मला मजा येते, बाळ्या. घे, लिहून दिलं.

पण जायचं तर येत्या रविवारी होतं. मुलाने गाडी सांगितली होती, माझी बॅगही भरलेली होती. टिकलीला सांगायचं राहिलं होतं. फी माफ होणार नाही, मुलगा नापास झाला, असलं किती पालकांना तोंडावर सांगितलं असेल मी, पण हिच्यासमोर जीभ उचलेना. शेवटी काल शाळा भरल्यावर मी स्टुलावरून हात वर केला. मला रजा हवी आहे म्हटलं. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. माझ्या घरी जायचं आहे म्हटलं. किती दिवस, असं विचारलं. मी कायमची म्हणाले.

तिने येरझाऱ्या थांबवल्या. मग हात मागे तसेच ठेवून, माझ्याच आवाजात म्हणाली की रजा मिळणार नाही. तुला आत्ता कुठे खेळायला यायला लागलं आहे, अजून पुष्कळ शिकायचं राहिलं आहे, रोज यावं लागेल. एवढं ठणकावून झाल्यावर मुख्याध्यापिकांनी मागचे हात सोडले. त्या येऊन विद्यार्थिनीच्या मांडीवर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. विद्यार्थिनीही रडली. आई गेली तेव्हा तू घाबरशील म्हणून मी रडले नव्हते. काल कोणासाठी रडू आवरायचं नव्हतं.

मुलगा दारात उभा होता. गाडी नको म्हणून मी त्याला मानेनेच सांगितलं. बॅग टिकलीनेच रिकामी केली, सगळे कपडे चुरगळून कपाटात कोंबले. मी ते तसेच राहू दिले आहेत.

पत्र याच पत्त्यावर पाठवत जा.
तुझी,
ताई