दत्तक दिलेल्या सौरभचा वाटा

मी द्वारकाबाई सावळाराम पोंदकुले, वय बासष्ट, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. बुद्धी शाबूत आहे, कोणाचं दडपण नाही. गुडघे तेवढे गेलेत.

१. घर, शिलाई मशीन आणि पाटल्या मुलगी मनिषाच्या. माझं आजारपण तिनेच काढलं.

२. माझ्या नावावरची एक एकर जमीन सौरभला. वकील म्हणाले, त्याला मुलगा लिहू नका, 'दीर विजयसिंह यांचा दत्तक पुत्र' लिहा. दत्तक गेलेल्याला जन्मदात्यांकडून वारसाने काही मिळत नाही, म्हणून तर हे मृत्युपत्र. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं. पण जन्म मी दिला, हेही लिहिते.

तो अकरा वर्षांचा असताना अमेरिकेतले विजयसिंह मला म्हणाले, "वैनी, पोरगं माझ्या नावावर करा. एकवीसचं झालं की तुमा समद्यांना तिकडं बोलवून घील." दत्तक आईने मुलासोबत दोन वर्षं राहिल्याशिवाय अमेरिकेचे कागद होत नाहीत, म्हणून जाऊबाई राजलक्ष्मी दोन वर्षं आमच्याच घरात राहिल्या. माझ्याच चुलीपुढे बसून सौरभ त्यांना आई म्हणायला शिकला. मी भाकरी थापत ऐकत होते.

पुढे त्याने आमच्यासाठी अर्ज केला, खरंच केला. ह्यांनी हुरळून गाई विकून टाकल्या. उत्तर आलं, दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या आईबापांना बोलावता येत नाही. दत्तकपत्रावर आमच्या दोघांच्या सह्या होत्या. फोनवर सौरभ रडत इंग्रजीत काहीतरी बोलला, मला कळलं नाही. हे रिकाम्या गोठ्यात बसून राहायचे. वर्षाच्या आत गेले.

३. विजयसिंहांना काही नाही. पोटचा मुलगा दिला, तेवढं पुष्कळ झालं. हा नियम त्यांना आधीपासून ठाऊक होता का, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

४. अग्नी मनिषाने द्यावा, सौरभसाठी खोळंबू नये. नंतर त्याला फोन करून "आई गेली" एवढंच सांगावं. "कोणती?" असं त्याने विचारलं, तर मनिषाने फोन ठेवावा आणि जमीनही स्वतःच्या नावावर करून घ्यावी. अशी अट घालू नका, असं वकील दोनदा म्हणाले. ती राहू द्यावी.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : ९ जानेवारी २०२६

सही : द्वारकाबाई सावळाराम पोंदकुले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली :
१. दादासो शिंगटे, निरवांगी
२. कुशाबाई रणमोडे, निरवांगी (डाव्या हाताचा अंगठा)