सहा सलग शिक्के

२ जानेवारी
आजपासून ही वही. फक्त माझ्यासाठी. पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. पुढे वजन उतरल्यावर लोक विचारतील कसं केलं, तेव्हा तारखा लागतील.

थोडक्यात हकीकत. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. गेल्या महिन्यात एका ऑफिसच्या लिफ्टच्या छतातल्या झडपेतून वर चढताना कमरेशी अडकलो. चाळीस मिनिटं. खाली एक वकील आणि त्याचे अशील उभे होते, ते माझ्या बुटांशी बोलत होते. झडपेची चौकट जुन्या मापाची आहे, असं मी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. जुलैअखेरपर्यंत त्या झडपेतून वर जाऊन दाखवलं तर परत कामावर. नाहीतर टेबल कायमचं, आणि माझी हत्यारांची पेटी शिडीकडे. शिडी म्हणजे माझा जोडीदार. माझ्याच वयाचा, पण भिंतीला टेकवून ठेवला तर लोक विसरून जातील असा.

टेबलावर मी मरेन. फोन वाजतो, मी लिहून घेतो, दुसरा कोणीतरी जातो. हे काय काम झालं?

वजन ११८.

५ जानेवारी
विमा कंपनीला फोन. बाई शांत आवाजाच्या. कंपनीच्या पॉलिसीत ऑपरेशन बसतं, पण अटी आहेत. बीएमआय चाळीसच्या वर हवा. माझा जवळजवळ एकेचाळीस. पहिल्या पेपरात पहिल्या वर्गात पास. मग सहा महिने आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली मनापासून डाएट, दर महिन्याला भेट, कार्डावर शिक्का. समुपदेशकाचं पत्र. आणि ऑपरेशनच्या आधी मंजुरी. विमाबाई म्हणाल्या, पुस्तिका नीट वाचा, शेहेचाळीस पानं आहेत.

वाचायची गरज नाही. नियम कसे असतात ते लिफ्टवाल्याला कोणी शिकवायचं? पाटीवर लिहितात आठ माणसं, दहा चढली तरी दोर तुटत नाही. प्रत्येक नियमात थोडी ढील ठेवलेलीच असते. फक्त लिहीत नाहीत.

९ जानेवारी
पहिली भेट. आहारतज्ज्ञ तिसऱ्या मजल्यावर बसतात. प्रत्येक वाक्यात काकडी येते म्हणून मी त्यांना काकडीसर म्हणतो (मनात). बायको सोबत होती. मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनेच दिली, तीही खरी. उगाच.

जाताना समाधान वाटलं ते लिफ्टचं. आमच्याच कंपनीची. तिचा जादा वजनाचा भोंगा पाच वर्षांपूर्वी मी स्वतः लावलाय. किलोचाही फरक चालत नाही त्याला. असं काटेकोर काम हल्ली कोण करतो?

शिक्का १.

२९ जानेवारी, रविवार, संध्याकाळी
विम्यासाठी रोज काय खाल्लं त्याची वेगळी वही ठेवावी लागते. आठवड्याची एकदम भरली. मंगळवारचं आठवेना, सूप लिहिलं. बुधवारी पण सूप. गुरुवारी केक होता, पण तो ऑफिसातल्या एका बाईंच्या निवृत्तीचा. म्हणजे सामाजिक. लिहिला नाही. शनिवारी तळलेले बटाटे होते, पण ते मी मागवले नव्हते. नुसते समोर आले.

१० फेब्रुवारी
दुसरी भेट. वजन ११७.२. काकडीसर खूश. मी मात्र घाबरलो. असंच उतरत गेलं तर बीएमआय चाळीसच्या खाली जाईल आणि ऑपरेशन हातचं जाईल! हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. विमाबाईंना फोन करून ही चूक दाखवून दिली. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसाचं वजन धरतात, पान तेवीस. असं सांगून माणसाला गाफील ठेवतात. खबरदारी म्हणून रात्री ब्रेड-लोणी. सकाळपर्यंत ११८ वर आणलं. शिस्त असली की सगळं होतं.

६ मार्च
समुपदेशकाकडे. त्यांनी विचारलं, दुःख झालं की खाता का? मी म्हटलं, मला दुःख होतच नाही. त्यांनी विचारलं, झडपेत अडकलात तेव्हा कसं वाटलं? मी चौकटीचं माप सांगितलं. मग बाईंनी ते माप लिहून घेतलं.

खाली उतरून बेकरीत दोन पेस्ट्र्या खाल्ल्या. त्याचा आणि या प्रश्नाचा काही संबंध नाही. बेकरी वाटेतच आहे.

पत्र मिळालं. तिसरा शिक्काही याच आठवड्यात.

११ एप्रिल
चौथी भेट. झाली नाही. माझी चूक नाही.

काकडीसरांच्या इमारतीची लिफ्ट बंद. दारावर कागद चिकटवलेला. जिना समोर होता, पण बावीस वर्षं लिफ्टच्या जिवावर जगलेल्या माणसाने जिना चढणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तीनच मजले आहेत."

प्रश्न मजल्यांचा नाही, तत्त्वाचा आहे. शेवटी तीच वर गेली आणि निरोप घेऊन आली: सर सहापर्यंत आहेत, पण वजन समोर केल्याशिवाय शिक्का नाही. मी म्हटलं, वजन इथे खाली आहे, सरांनी यावं. ती परत वर गेली नाही.

सहातली एक भेट हुकली तर आकाश कोसळत नाही. ढील असते.

१२ मे
शिक्का. वजन ११८. स्थिर. काकडीसरांच्या चेहऱ्यावर उत्साह दिसला नाही. बायकोला मात्र त्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही काय करताय? झालंय असं की माझ्यासाठी केलेलं सूप टाकवत नाही म्हणून ती पिते. तिचं नऊ किलो उतरलं. तिला तर विम्याचीही गरज नव्हती.

३ जुलै
जूनचाही शिक्का झाला. एकूण पाच. कागद दाखल. सर्जनची तारीखही विचारून ठेवली. शिडीला सांगितलं, माझ्या पेटीवर डोळा ठेवू नकोस. तो म्हणाला, तुझा पाना झिजलाय, मी कशाला ठेवू?

१४ जुलै
कागद परत.

सहा भेटी सलग हव्यात. खंड पडला की मोजणी पहिल्यापासून. पान एकोणतीस. मी विमाबाईंना लिफ्टची पाटी, आठ माणसं, दहा माणसं, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, भेट तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने हुकली असेल तर लेखी पुरावा द्या, विचार करू.

ढील! मी म्हणत नव्हतो?

१७ जुलै
पुरावा म्हणजे, ११ एप्रिलला ती लिफ्ट बंद होती असा कंपनीचा दाखला. तो कोण देतं? तक्रारींचं टेबल. म्हणजे मी! मीच अर्ज केला, मीच मंजूर केला, मीच शिक्का मारला. फक्त सोबत तक्रार-रजिस्टरच्या पानाची प्रत लागते आणि साहेबांची सही.

रजिस्टर उघडलं. तक्रार ३१ मार्चला आली होती. नंतर तीनदा आठवणीचे फोन. तक्रार घेणाऱ्याची सही माझी. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: "तीनच मजले आहेत. घाई नाही."

पान कॉफीच्या कपाखाली असल्यामुळे त्यावर गोल डागही आहे. तोही माझ्याच कपाचा.

१८ जुलै
साहेबांनी पान दोनदा वाचलं. सही केली. प्रत जोडायची सूचनाही केली, कारण नियम म्हणजे नियम. चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांना धुळीची ॲलर्जी आहे.

२७ जुलै
विम्याचं उत्तर. कारण तुमच्या हाताबाहेरचं नव्हतं. एका ओळीचं पत्र. खाली विमाबाईंनी पेनाने लिहिलंय, पुन्हा सुरुवात करा, जमेल.

३१ जुलै
पेटी दिली.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. पेटीच्या मुठीला माझ्या हाताचा खळगा पडलाय. शिडीने ती उचलली, वजनाने एका बाजूला झुकला आणि म्हणाला, "माझ्याकडे राहू दे. झडप कुठे पळून जात नाही."

दुपारी समुपदेशक बाईंना फोन केला. म्हटलं, तो दुःखाचा प्रश्न. उत्तर बदलायचं आहे.

८ ऑगस्ट
नवीन कार्ड. काकडीसरांची लिफ्ट चालू आहे. शिडीने एप्रिलमध्येच दुरुस्त केली, झडपेतून वर जाऊन, वीस मिनिटांत.

आत शिरलो. बायको, मी, आणखी पाच जण. भोंगा वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको छताकडे बघत होती. मी म्हटलं, पाटीवर आठ लिहिलंय, आपण सातच आहोत, भोंग्यात बिघाड असणार. कोणत्या अडाण्याने लावलाय कोण जाणे, असं म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

उतरलो. भोंगा थांबला. दार मिटताना बायकोही उतरली. तिची काही गरज नव्हती.

छप्पन्न पायऱ्या. चार ठिकाणी बसलो. दुसऱ्या मजल्यावर तिने पिशवीतून काकडी काढून दिली. खाल्ली.

वजन ११९. सरांनी विचारलं, वर कसे आलात? म्हटलं, जिन्याने. त्यांनी मान वर करून बघितलं आणि व्यायामाच्या रकान्यात लिहून घेतलं. त्या रकान्यातली ही माझी पहिली खरी नोंद.

शिक्का १.

उतरताना लिफ्ट रिकामी होती. बायको जिन्याने गेली. मी लिफ्टने आलो.