कोणता गुडघा

प्रिय ताई,

आमच्या निवृत्तीनंतरचा हा पहिला वसंत. झाडांना पालवी फुटल्यापासून आमचा पाय घरात ठरलेला नाही. हिच्या मैत्रिणीकडे तळ्याकाठी राहिलो, माझ्या जुन्या साहेबांकडे जेवलो, लेकीबरोबर टेकडीवरच्या बुरुजापर्यंत चढलो. दोनशे दहा पायऱ्या. तुला मात्र फोनवर म्हणालो, "गुडघा धरलाय गं, तुझे तीन जिने काही जमायचे नाहीत."

गुडघ्याला काहीही झालेलं नाही, ताई. भाऊजी होते तेव्हा आपण चौघं एकाच गाडीतून भटकायचो. आता आम्ही निघताना तू खाली सोडायला येतेस आणि रिकाम्या मागच्या सीटकडे बघत राहतेस. ते मला बघवत नाही, म्हणून गुडघा पुढे केला.

आज सकाळी तुझा फोन. "तळमजल्यावरची जागा रिकामी झाली, ती घेतली मी. उजेड जरा कमी आहे, पण एकही पायरी नाही. आता या."

तीस वर्षांची गॅलरी, भाऊजींच्या वेलासकट, तू माझ्या थापेपायी सोडलीस.

ही म्हणाली, "खरं काय ते लिहून टाका एकदाचं." लिहिलं. पण हे कोणत्या तोंडाने तुझ्या हातात देऊ? राहू दे ड्रॉवरमध्येच.

उद्या येतोय आम्ही. लंगडायची तयारी आहे. फक्त तुला डावा सांगितला होता की उजवा, तेवढंच आठवत नाहीये.

तुझा,
धडधाकट भाऊ