ऑस्ट्रियाचं एक मत

४ जानेवारी १९८२, सोमवार
सिव्हिल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. खोपोलीला आमच्या तंत्रनिकेतनात २३ तारखेला अभिरूप राष्ट्रसंघ भरणार. प्रत्येक विद्यार्थी एकेका देशाचा प्रतिनिधी. भाषणं, वाटाघाटी, मतदान. पहिले दोघे पुण्याच्या फेरीला. मला ऑस्ट्रिया मिळाला. तटस्थ देश, समुद्र नाही. स्वभावाला योग्य.
घरी, कशेळ्याला, कळंबच्या स्थळाची कुजबुज चालू आहे. मला पुण्याला डिग्री करायची आहे. भांडणार नाही. निवड झाली की बाबांना आपोआप कळेल.
संकल्प: कमी बोलणे. मोजून बोलणे.

९ जानेवारी, शनिवार
ठरावाचा मसुदा तयार. समुद्र नसलेल्या देशांचा माल शेजारच्या बंदरात तीस दिवस विनाशुल्क ठेवू द्यावा. सभागृहाचा आराखडाही काढला, १:५०. एकवीस देश, कुणाचं मत कुठे ते पेन्सिलीने. बारा बाजूने, नऊ विरोधात. चूक फार तर एका मताची.
इटली म्हणजे मेकॅनिकलचा चांगो, ठाकुरवाडीचा. तयारी शून्य. खिशात बोरं भरून वर्गावर्गांत वाटत फिरतो. मला म्हणाला, घे गं ऑस्ट्रिया, तुमच्याकडं समुद्र नाय, बोरं तरी खा. घेतली नाहीत. एकदा घेतली की तटस्थता संपली.

१५ जानेवारी, शुक्रवार
येसूआत्या आली. जेवताना म्हणाली, कळंबची मानसं चोवीसला बघायला येतो म्हंतात, बोलावू का गं जने? बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन्ही वाटा खुल्या. आत्या खूश दिसली. पहिली फेरी यशस्वी.

१८ जानेवारी, सोमवार
आत्याने कळंबला निरोप धाडला. मला विचारलं कुणी, असं आईला म्हटलं. आई म्हणाली, विचारलं की तुझ्या तोंडावर, तू गप बसलीस. आमच्याकडे मुलगी गप्प बसली की तिला चालतंय असं धरतात. पद्धत सदोष आहे. पण बघायला येणं म्हणजे ठरणं नव्हे, आणि तेवीसला माझी निवड झालेली असेल. वेळापत्रक माझ्या बाजूने.

२३ जानेवारी, शनिवार
भाषण सहा मिनिटं. एकही आकडा चुकला नाही.
मग चांगो उठला. 'तीस दिवस' काढा, 'वाजवी मुदत' घाला, इटली पाठिंबा देईल. दुरुस्ती मंजूर. वाजवी म्हणजे किती? मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याला मी मत देत नाही.
दहा बाजूने, दहा विरोधात, ऑस्ट्रिया तटस्थ. समसमान मतं म्हणजे ठराव नामंजूर, सरांनी नियम वाचून दाखवला.
चांगो म्हणाला, बाय गं, तुझाच ठराव व्हता. सर म्हणाले, निदान स्वतःला तरी मत द्यायचं. सरांचा ऑस्ट्रियाचा अभ्यास कमी असावा.
चांगो पहिला. दुसरी ब्राझील, जी तीन वेळा धन्यवाद म्हणाली आणि बसली. मी तिसरी. दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर तिसऱ्याला पाठवतात. दोघांची प्रकृती उत्तम आहे.

२४ जानेवारी, रविवार, दुपारी ४
कळंबची पाच माणसं आली. मुलाचा टेंपो आहे. मी चहा घाईत प्यायले, तोंड भाजलं, दाखवलं नाही. मुलाच्या आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, पोरीला पसंत हाय ना? बाबांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. भूमिका जाहीर करण्याची वेळ अजून आलेली नव्हती. मी खाली बघितलं. ओटीवरच्या दोन फरश्या लेव्हलमध्ये नाहीत.
आत्या म्हणाली, लाजली बघा. साखर वाटली. माझ्याही हातावर ठेवली. मी ती खाल्ली नाही. याची नोंद कुणी घेतली नाही.

२५ जानेवारी, सोमवार
सकाळी गोठ्यात जाऊन बाबांना सांगितलं, मला पुण्याला डिग्री करायची होती. एकच वाक्य. दोन वर्षं तयार होतं.
बाबा पेंढा हातात घेऊन तसेच उभे राहिले. म्हणाले, मग बोलायचं गं. मी दोनदा बघितलं तुझ्याकडं. तू नाय म्हनली असतीस तर दारातनं परत लावली असती त्यांना. आता लोकांनी साखर खाल्ली. शब्द गेला.
मी बरं म्हटलं.
दुपारी कळंबहून माणूस आला. नवं घर बांधायला काढलंय, तुमची पोरगी नकाशे काढते ना, तिलाच विचारा, जिना आतनं घ्यावा का भायेरनं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
आतून, मी लगेच सांगितलं. पायरी साडेसहा इंच.